चिलखत वार चुकवतं की झेलतं? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ लिहिणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांची गोष्ट

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर तलवारबाजीचा कुठलाही गेम उघडा. पात्राच्या डोक्यावर किंवा पडद्याच्या कोपऱ्यात ‘हेल्थ’चा पट्टा दिसतो. वार बसला की तो थोडा सरकतो. दुकानातून चांगलं चिलखत घेतलं की शत्रूचा जोर कमी पडतो. पात्र जसजसं अनुभवी होतं तसतसं चिवट होतं. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की ते कधीतरी कुणीतरी बसून ठरवलं असेल, असं मनातही येत नाही.

पण ते ठरवलं गेलं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं एक छोटं गाव आहे. विमा कंपनीतली नोकरी गेलेला, घराच्या तळघरात बूट दुरुस्त करून संसार चालवणारा एक माणूस तिथे राहायचा. एका मित्राच्या कल्पना आणि स्वतःचे आधीचे नियम एकत्र करून त्याने १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिका छापल्या. त्या खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्या माणसाचं नाव गॅरी गायगॅक्स. पुस्तिका विकल्या जाऊ लागल्या, आणि लगेच खेळाडूंची तक्रारही सुरू झाली : तुमच्या खेळातलं चिलखत खोटं आहे.

ही तक्रार गायगॅक्स यांना आयुष्यभर पुरली.

शिकागो ते लेक जिनिव्हा

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडमधून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. काही काळ ते शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्ये होते. १९४६ मध्ये हे कुटुंब आईच्या माहेरच्या भागात, लेक जिनिव्हाला राहायला आलं. तिथे डॉन के हा शेजारचा मुलगा गॅरीचा जिवलग दोस्त झाला. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

शाळेत गॅरीचं मन रमलं नाही. हायस्कूल अर्धवट सोडलं, मरीन्समध्ये भरती झाला आणि न्यूमोनियामुळे थोड्याच दिवसांत घरी परतला. रमायचं ते वाचनात. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स यांच्या तलवारी-जादूच्या कथा त्याने अधाशासारख्या वाचल्या. १९५८ मध्ये मेरी जो पॉवेल यांच्याशी लग्न झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या हातात ‘गेटिसबर्ग’ हा युद्धाचा पटावरचा खेळ पडला. ॲव्हलॉन हिल कंपनीच्या या खेळात अमेरिकी यादवी युद्धातली ती प्रसिद्ध लढाई नकाशावर पुन्हा लढता यायची. गायगॅक्स यांना त्याचं वेडच लागलं. षटकोनी चौकटींचे कोरे कागद कंपनीकडून मागवून ते स्वतःचे खेळ बनवू लागले.

पोटापाण्यासाठी ते शिकागोत फायरमन्स फंड या विमा कंपनीत अंडररायटर होते. म्हणजे कोणता विमा किती जोखमीचा, त्याला हप्ता किती लावायचा, हे ठरवण्याचं काम. दिवसभर धोक्याचे तक्ते आणि रात्री लढायांचे तक्ते. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला फार डोकं लागत नाही. पुढे त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्यात पानापानावर तक्ते आहेत. वेताळ भेटण्याची शक्यता किती, सापळा लागण्याची किती, सारं टक्केवारीत.

१९६७ मध्ये घराच्या तळघरात त्यांनी युद्धखेळांच्या काही शौकिनांना जमवलं. पुढच्या वर्षी गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन जाहीर मेळावा भरवला. त्याचं नाव जेन कॉन. आज तो अमेरिकेतला या क्षेत्रातला सर्वात मोठा मेळावा समजला जातो. १९६९ च्या मेळाव्यात शेजारच्या मिनेसोटा राज्यातून डेव्ह आर्नेसन नावाचा कॉलेजचा विद्यार्थी आला. दोघांची ओळख झाली, आणि मग ‘डोन्ट गिव्ह अप द शिप’ हे शिडाच्या जहाजांच्या लढाईचे नियमही त्यांनी माइक कार यांच्यासोबत मिळून लिहिले. जहाजांचा हा नाद लक्षात ठेवायला हवा, कारण चिलखताची गोष्ट तिथूनच वळण घेते.

एका वारात खेळ खल्लास

१९७० मध्ये गायगॅक्स यांची नोकरी गेली. पाच मुलांचं घर. ते तळघरात बूट दुरुस्त करू लागले आणि गायडन गेम्स या छोट्या प्रकाशनासाठी थोडंफार संपादन करू लागले. तिथूनच १९७१ मध्ये त्यांचं आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ निघालं. चेनमेल म्हणजे लोखंडी कड्यांचं चिलखत. हे मध्ययुगीन युद्धाचे नियम होते, शिशाचे छोटे सैनिक टेबलावर मांडून खेळायचे. शेवटी एक पुरवणी जोडलेली होती : त्यात ड्रॅगन, जादूगार, राक्षस आणि वीरपुरुष यांचे नियम होते.

‘चेनमेल’मध्ये माणूस विरुद्ध माणूस लढतीसाठी एक तक्ता होता. एका बाजूला शस्त्रं, दुसऱ्या बाजूला चिलखतांचे प्रकार. दोन फासे टाकायचे. या शस्त्राने त्या चिलखताविरुद्ध किती पडायला हवेत ते तक्त्यात बघायचं. तेवढे पडले की समोरचा मेला. जखमी वगैरे काही नाही.

हे नियम घेऊन आर्नेसन यांनी मिनियापोलिस–सेंट पॉल भागातल्या आपल्या मित्रांसोबत ‘ब्लॅकमूर’ नावाचा वेगळाच खेळ मांडला. त्यात प्रत्येक खेळाडू सैन्य चालवत नव्हता. तो एकच माणूस होता. त्याला नाव होतं, घर होतं, मागच्या शनिवारी मिळवलेला खजिना होता. आणि नेमकी इथेच पंचाईत झाली. सैन्यातला एक शिपाई एका वारात मेला तर कुणाला काही वाटत नाही. पण आठवडे घालवून वाढवलेलं स्वतःचं पात्र एका फाशात मेलं की खेळाडू वैतागतो.

आर्नेसन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, यावरचा उपाय त्यांनी आपल्याच एका जुन्या आरमारी खेळातून उचलला. तो यादवी युद्धातल्या लोखंडी पत्र्याच्या युद्धनौकांचा होता. नौका एका गोळ्यात बुडत नाही. तिची सोसण्याची ताकद अंकांत मोजलेली असते आणि गोळे बसतील तशी ती घटत जाते. तिच्या पत्र्याची प्रतही अंकांत असते. हेच माणसाला लावलं. सोसण्याची ताकद म्हणजे ‘हिट पॉइंट्स’. पत्र्याची प्रत म्हणजे ‘आर्मर क्लास’. थोडक्यात, आज पडद्यावर दिसणारा तो हेल्थचा पट्टा खेळाडूंच्या कुरकुरीतून जन्मला आणि त्याचा आजा एक लोखंडी बोट आहे.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन लेक जिनिव्हाला आले आणि त्यांनी गायगॅक्स यांना ‘ब्लॅकमूर’ खेळवून दाखवला. गायगॅक्स यांनी त्यांच्याकडून नियमांची टिपणं मागवली. ती जेमतेम वीसेक पानं होती. गायगॅक्स टाइपरायटरला बसले ते काही महिन्यांत दीडशे पानं लिहूनच थांबले. पहिली चाचणी घरातच झाली. अर्नी आणि एलिस ही त्यांची मुलं पहिली खेळाडू.

हे छापायला प्रस्थापित कंपनी मिळेना. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये डॉन के यांनी आपल्या विमा पॉलिसीवर १,००० डॉलर कर्ज काढलं आणि दोघा मित्रांनी ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ म्हणजे टीएसआर ही कंपनी काढली. ब्रायन ब्लूम यांनी आणखी २,००० डॉलर घातले. जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १,००० प्रती निघाल्या. घरीच हाताने खोक्यात भरलेल्या. किंमत १० डॉलर.

नियम काय होता आणि भांडण कशाचं

हा नियम समजला की पुढची तीस वर्षं समजतात.

चिलखत नसलेल्या माणसाचा आर्मर क्लास ९. चामड्याचं चिलखत घातलं तर ७, कड्यांचं घातलं तर ५, पोलादी पत्र्याचं घातलं तर ३. ढाल घेतली की त्यातून आणखी एक कमी. म्हणजे पत्र्याचं चिलखत आणि ढाल मिळून २. आकडा जितका लहान तितकं संरक्षण मोठं. हा उलटा हिशेब नव्या खेळाडूला आजही चक्रावतो.

हल्ला करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो. नवख्या योद्ध्याला चिलखत नसलेल्या माणसावर वार बसवायला १० किंवा जास्त पडावे लागतात. म्हणजे वीसातल्या अकरा शक्यता, ५५ टक्के. तोच योद्धा पत्र्याचं चिलखत आणि ढाल असलेल्यावर चालून गेला तर १७ किंवा जास्त हवेत. वीसातल्या चार शक्यता, २० टक्के. वार बसलाच, तर मग सहा बाजूंचा फासा टाकायचा आणि पडतील तेवढे हिट पॉइंट्स वजा करायचे. चिलखत असो वा नसो, बसलेला वार सारखाच लागतो.

खेळाडूंचं म्हणणं असं होतं : पत्र्याचं चिलखत घातलेला माणूस काही चपळ होत नाही. उलट तो जड होतो. त्याच्यावर वार सहज बसतो. फक्त तो आत शिरत नाही. मग चिलखताने वार चुकायला कसा लागतो? चिलखताने इजा कमी व्हायला हवी.

तक्रार ऐकायला बिनतोड वाटते. पण हिशेब मांडून पाहिला तर गायगॅक्स यांची बाजूही दिसते. त्यांच्या खेळात ‘वार चुकला’ याचा अर्थ हवेत गेला एवढाच नाही. चिलखतावर आपटून वाया गेला, हाही त्यातच आला. दोन पायऱ्यांचं काम एका फाशात उरकलेलं. याउलट चिलखत इजेतून वजा करायचं ठरवलं आणि पत्र्याच्या चिलखताला चार अंक दिले, तर सहा बाजूंच्या फाशावर १ ते ४ पडले की इजा शून्य. उरले ५ आणि ६, तेही एक-दोन अंकांपुरते. अशा माणसाला सुऱ्याने मारायला रात्र पुरायची नाही. आणि ड्रॅगनने एका घासात वीस अंकांची इजा केली तर तेच चार अंक असून नसून सारखे. म्हणजे एकीकडे चिलखत अभेद्य आणि दुसरीकडे निरुपयोगी. ते सावरायचं तर सगळेच आकडे वाढवावे लागतात, आणि आकडे वाढले की दर वाराला वजाबाकी वाढते. सहा जण टेबलाभोवती बसलेत, समोर वीस गॉब्लिन आहेत, रात्रीचे अकरा वाजलेत : अशा वेळी एक फासा आणि एक वजाबाकी पुरते.

किमतीचा मुद्दा मात्र गायगॅक्स यांच्या अंगाशी आला. पहिल्या पुस्तिकेत पत्र्याचं चिलखत फक्त ५० सोन्याच्या नाण्यांना होतं. खेळाच्या सुरुवातीला पात्राला तीन फाशांच्या बेरजेच्या दहापट, म्हणजे सरासरी १०५ नाणी मिळत. म्हणजे जवळपास प्रत्येक योद्धा पहिल्याच दिवशी अंगभर पोलाद चढवून बाहेर पडायचा. चामड्याचं आणि कड्यांचं चिलखत यादीत नावालाच. १९७८ च्या आवृत्तीत पत्र्याच्या चिलखताची किंमत ४०० झाली.

आणखी एक गंमत. १९७४ च्या पुस्तिकेनुसार लढाईचे मुख्य नियम ‘चेनमेल’चेच होते, शस्त्र-विरुद्ध-चिलखत तक्त्यासकट. वीस बाजूंच्या फाशाची रीत ‘पर्यायी’ म्हणून दिली होती. अनेकांकडे ‘चेनमेल’ नव्हतंच. ज्यांच्याकडे होतं त्यांनीही पर्यायच उचलला. बघता बघता पर्याय हाच खेळ झाला. म्हणजे जास्त खरा वाटणारा नियम गायगॅक्स यांनी आधी दिला होता आणि टेबलावर बसलेल्या खेळाडूंनीच तो बाजूला ठेवला होता. तक्रार करणारे खेळाडू आणि प्रत्यक्ष खेळणारे खेळाडू यांच्यातली ही फट पुढे सारखी दिसत राहते.

तलवार हातात घेतलेले टीकाकार

पहिल्या पुस्तिकांच्या शेवटी गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी वाचकांना मोकळं रान दिलं होतं. अडलं तर आम्हाला विचारू नका, स्वतःच्या कल्पनेने ठरवा, असा त्याचा आशय. लोकांनी तो शब्दशः घेतला.

ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रे यांना हे नियम क्लिष्ट वाटले. त्यांनी १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढला, ज्यात चिलखत सरळ इजा शोषून घेतं. कॅनडातून १९७७ मध्ये ‘शिव्हॅलरी अँड सॉर्सरी’ आला, मध्ययुगाशी जास्तीत जास्त इमान राखायचं या हट्टाने. पण खरी टक्कर दिली ती कॅलिफोर्नियाच्या स्टीव्ह पेरिन यांनी. तिथे १९६६ पासून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’ नावाची मंडळी मध्ययुगीन वेश करून, चिलखत घालून, वेताच्या तलवारींनी खरोखर लढायची. पेरिन त्यांच्या पहिल्या फळीतले. अंगावर वार झेललेला हा माणूस होता. त्याला कागदावरचं चिलखत पटेना. १९७६ मध्ये त्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या लढाईसाठी स्वतःचे सुधारित नियम वाटले आणि १९७८ मध्ये साथीदारांसह ‘रुनक्वेस्ट’ हा स्वतंत्र खेळच आणला. त्यात वार डोक्यावर बसला की हातावर, पायावर की पोटावर, हे फाशाने ठरतं. प्रत्येक अवयवाचे हिट पॉइंट्स वेगळे, त्यावरचं चिलखत वेगळं, आणि ते इजेतून वजा होतं. शिवाय समोरच्याला वार अडवायची संधी मिळते.

‘रुनक्वेस्ट’ हा उत्तम खेळ आहे, आजही खेळला जातो. त्यातली लढाई अंगावर येते. पण ती वेळ खाते, आणि त्यात पात्रं लंगडी-थोटी होतात.

नेमका हाच मुद्दा गायगॅक्स यांनी पकडला. १९७५ ते १९८० च्या दरम्यान ते आपल्या कंपनीच्या मासिकांतून टीकाकारांवर तुटून पडत. त्यांची भाषा अघळपघळ आणि बरेचदा फटकळ होती. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये त्यांनी बाजू सविस्तर मांडली. लढाईची एक फेरी म्हणजे एक मिनिट. त्या मिनिटात अनेक वार, हुलकावण्या, पवित्रे होतात आणि फासा फक्त त्यांतली खरी संधी दाखवतो. हिट पॉइंट्स म्हणजे नुसतं रक्त-मांस नव्हे. अनुभवी योद्ध्याला नवख्याच्या दसपट अंक मिळतात ते त्याची कातडी दसपट जाड झाली म्हणून नाही. त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा हे सारं धरलेलं आहे. सहजी न मरणारा माणूस म्हणून रशियाच्या रासपुतिनचा दाखलाही त्यांनी दिला. अवयवांवरच्या जखमा आणि एका वारात मृत्यू हे नियम त्यांना मान्य नव्हते, कारण राक्षस एका लढाईपुरता येतो, पण खेळाडूचं पात्र शेकडो लढाया लढतं. असा नियम आज ना उद्या त्याच्याच मुळावर येणार.

युक्तिवाद म्हणून हे भक्कम आहे. पण त्याच माणसाला चिलखत-शस्त्रांचं वेड सुटत नव्हतं. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत त्यांनी दोन नवे नियम आणले. एक, प्रत्येक शस्त्राची इजा वेगळी. दुसरा, प्रत्येक शस्त्राला प्रत्येक आर्मर क्लासविरुद्ध वेगळी सूट किंवा दंड. पहिला नियम खेळाडूंनी लगेच स्वीकारला. सुरा आणि मोठी तलवार यांत फरक हवा हे पटायला वेळ लागला नाही. दुसरा पुढे १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्येही आला, दाट आकड्यांच्या तक्त्यात. पण असंख्य गटांनी त्या पानाकडे ढुंकून पाहिलं नाही. शिवाय अस्वलाला किंवा ड्रॅगनला कुठल्या जातीचं चिलखत धरायचं, याचं उत्तर त्या तक्त्यात मिळत नव्हतं.

चिलखतांची यादीही वाढली होती. खिळे ठोकलेलं चामडं, कड्या शिवलेलं, पट्ट्यांचं, खवल्यांचं. यातले काही प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अभ्यासकांनी जुनी चित्रं आणि थडग्यांवरच्या मूर्ती पाहून तर्काने कल्पिलेले. पुढच्या संशोधकांनी त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर फुली मारली. पण खेळाच्या पुस्तकात शिरलेलं चिलखत इतिहासकारांना दाद देत नाही. ‘स्टडेड लेदर’ आजही निम्म्या गेम्समध्ये विकत मिळतं. लांब दांड्याच्या शस्त्रांवर तर गायगॅक्स यांचा विशेष जीव. भाले, परशू, आकड्या यांच्या नावांची आणि आकारांची वर्गवारी त्यांनी मासिकात आणि नंतर पुस्तकात इतक्या तपशिलाने केली की खेळाडूंमध्ये तो कायमचा विनोद झाला.

याच काळात त्यांचा सूर पालटला. १९७४ ला स्वतःच्या कल्पनेने खेळा म्हणणारे गायगॅक्स आता अधिकृत नियम बदलाल तर तो आमचा खेळच नाही, असं लिहू लागले. कारणं व्यवहाराची होती. देशभर स्पर्धा व्हायच्या तर नियम सगळीकडे सारखे हवेत, आणि दुसऱ्यांच्या दुरुस्त्या छापून इतर लोक पैसे कमावत होते. आर्नेसन यांच्याशीही बिनसलं होतं. नव्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या मानधनावरून त्यांनी १९७९ मध्ये खटला भरला. १९८१ मध्ये तडजोड झाली. पण ज्यांना आधी मालक केलं होतं त्या खेळाडूंना पुन्हा भाडेकरू व्हायला सांगणं हे चमत्कारिकच होतं. त्यांनी ऐकलंही नाही.

घर गेलं

कंपनीचं काय झालं, हे थोडक्यात. डॉन के १९७५ च्या जानेवारीत हृदयविकाराने गेले. वय अवघं छत्तीस. त्यांचा वाटा विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्याकडे नव्हते. ब्लूम कुटुंबाचे होते. कंपनीचं बहुमत त्यांच्याकडे गेलं. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी या खेळाकडे बोट दाखवलं. सैतानी खेळ म्हणून ओरड झाली आणि त्या ओरडीने खप वाढला. १९८३ मध्ये गायगॅक्स कार्टून मालिकेसाठी हॉलिवूडला गेले. त्याच वर्षी त्यांचा घटस्फोटही झाला. परत आले तेव्हा कंपनी कर्जात रुतलेली होती.

ती बाहेर काढायला पैसा हवा होता, आणि पैसा देणारी एक वस्तू त्यांना ठाऊक होती : नवं नियमांचं पुस्तक. १९८५ मध्ये ‘अनअर्थ्ड आर्केना’ आलं आणि धडाक्यात खपलं. त्यात चिलखताचे दोन नवे प्रकार होते, फील्ड प्लेट आणि फुल प्लेट. मापाने घडवून घ्यायची, भलतीच महागडी चिलखतं. ती नेहमीसारखा आर्मर क्लास तर सुधारत होतीच. शिवाय बसलेल्या वारातली थोडी इजा शोषूनही घेत होती, आणि ठरावीक मर्यादेनंतर लोहाराकडे न्यावी लागत होती.

म्हणजे अकरा वर्षं जे नाकारलं, ते दोन महागड्या चिलखतांपुरतं का होईना, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. मासिकांतल्या त्यांच्या जुन्या लेखांची आठवण असलेल्या खेळाडूंना यात मजा वाटली असणार. पुस्तकावर दुसऱ्याही तक्रारी झाल्या. नवी पात्रं भारी पडतात आणि खेळाचा तोल जातो, ही त्यांतली मोठी. तोल बिघडला हे खरंच आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, गायगॅक्स यांनीच कंपनीत आणलेल्या लोरेन विल्यम्स यांनी ब्लूम कुटुंबाचे समभाग घेऊन टीएसआरचा ताबा मिळवला. गायगॅक्स न्यायालयात गेले आणि हरले. १९८६ च्या अखेरीस त्यांनी आपला वाटा विकून कंपनी सोडली. स्वतःच्या तळघरात सुरू झालेल्या खेळाचा एक नियमही बदलायचा अधिकार आता त्यांना उरला नव्हता. अनधिकृत नियम लिहिणाऱ्यांवर ज्यांनी इतकी वर्षं आग पाखडली, ते आता स्वतः त्याच रांगेत उभे होते.

बाहेरून लिहिलेलं चिलखत

१९८७ मध्ये त्यांनी गेल कार्पेंटर यांच्याशी लग्न केलं. लिहिणं थांबलं नव्हतं. १९९२ मध्ये ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ आला. आधी त्याचं नाव ‘डेंजरस डायमेन्शन्स’ होतं. इंग्रजी आद्याक्षरं पुन्हा ‘डी-डी’ होतात म्हणून टीएसआरने हरकत घेतली. नाव बदललं तरी खटला आलाच, आणि शेवटी टीएसआरने हक्क विकत घेऊन तो खेळ बंद केला. १९९९ मध्ये त्यांनी पुन्हा नव्याने ‘लेजेंडरी ॲडव्हेंचर’ लिहिला. त्या नावाचं इंग्रजी स्पेलिंगही मुद्दाम वेगळं केलेलं.

या दोन्ही खेळांत चिलखत इजा शोषून घेतं. ‘डेंजरस जर्नीज’मध्ये तर वार शरीरावर कुठे बसला यालाही महत्त्व आहे. कोऱ्या कागदावर, कुठलंही जुनं ओझं नसताना गायगॅक्स यांनी दोनदा लढाईचे नियम लिहिले, आणि दोन्ही वेळा त्यांनी टीकाकारांची बाजू घेतली.

तर मग टीकाकार बरोबर होते का? इथे हिशेब सोपा राहत नाही. हे दोन्ही खेळ फार थोड्यांनी खेळले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मात्र इतरांच्या हातात गेल्यावरही आपल्या खोट्या चिलखताला चिकटून राहिला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने शस्त्र-विरुद्ध-चिलखत तक्ता आटोपशीर करून ऐच्छिक ठरवला. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा उलटा हिशेब सुलट झाला. आकडा मोठा तितकं संरक्षण मोठं. इजा शोषणारं चिलखत हवं असणाऱ्यांसाठी २००४ मध्ये पर्यायी नियम निघाला. तो वापरणारे वापरतात. बाकीचे अजूनही एक फासा टाकतात आणि विचारतात : लागला का? २०२३ मध्ये गाजलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या कॉम्प्युटर गेममध्ये वजाबाकी करायला यंत्र हाताशी असूनही चिलखताचं मुख्य काम वार चुकवणं हेच आहे. आणि त्या गेमवर नव्याने आलेले खेळाडू तोच प्रश्न विचारतात : इतकं जड चिलखत घातल्यावर माणूस चुकवायला कसा शिकला?

शेवटच्या वर्षांत गायगॅक्स बरेच निवळले होते. जगभरातून येणाऱ्या खेळाडूंच्या प्रश्नांना ते हौसेने उत्तरं देत. २००४ मध्ये त्यांना अर्धांगाचे झटके आले, तरी घरी खेळ चालूच होता. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हात त्यांचं निधन झालं. वय ६९. आर्नेसन पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेले.

गायगॅक्स यांच्या अंत्यविधीनंतर गावातल्या हॉलमध्ये जमलेल्या लोकांनी खिशातून फासे काढले आणि टेबलं मांडून खेळायला सुरुवात केली. त्यातूनच गॅरी कॉन हा मेळावा सुरू झाला, जो दर मार्चमध्ये लेक जिनिव्हात भरतो. तिथे जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी चालतात. एका टेबलावर आर्मर क्लास २ म्हटलं की खेळाडू निर्धास्त होतो. दुसऱ्या टेबलावर तोच आकडा ऐकून हसू फुटतं.